तळ्याकाठचा तिसरा फोटो

तो स्टँड नेताय ना, न्या. पण पाय नीट आवळून घ्या, नाहीतर वाऱ्याने कॅमेरा पाण्यात आणि तुम्ही माझ्या दारात. आणि आधी तो मोठा दिवा बंद करा, डोळ्यांवर येतोय. बसा आता. उद्या पहाटे निघायचंय म्हणता, डोंगरातल्या तळ्यांचे फोटो काढायला. जा की. मी कुठे नको म्हणतोय? मी स्वतः कधी गेलो नाही. मी दुकानात बसून लोकांचे कॅमेरे दुरुस्त केले. भटकणारे भटकून यायचे, वाळू शिरलेला, पाणी लागलेला कॅमेरा माझ्यापुढे ठेवायचे आणि 'काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला' म्हणायचे. त्यातल्याच एकाची ही गोष्ट. इकडून तिकडून ऐकलेली नाही. माझ्या दुकानातल्या त्या मोडक्या स्टुलावर बसून त्याने मला सांगितली, आणि सांगताना त्याच्या हातातला चहा तसाच गार झाला. कोणाला हसायचं असेल त्याने आत्ताच आत जाऊन झोपावं. मध्ये हसलेलं मला चालत नाही.

त्याला सगळे थांबराव म्हणायचे. खरं नाव त्याच्या बायकोला आठवत असेल तर असेल. लग्नाचे, शाळांचे, पासपोर्टचे फोटो काढायचा. आणि तोंडात सारखं एकच, 'थांबा, हलू नका, अजून एकच.' नवरानवरी अवघडून गेली, पाहुणे जेवणाकडे डोळे लावून बसले, तरी याचं आपलं 'अजून एकच' चालूच. पण फोटो असा काढायचा की पापणीचे केस मोजून घ्यावेत. हललेला, धुरकट फोटो त्याला बघवत नसे. गिऱ्हाईक म्हणायचं, राहू द्या हो, आजीचं हसू छान आलंय. हा म्हणायचा, आजी हलली आहे. आणि पुसून टाकायचा.

तर त्याच्याकडे एक मोठं काम आलं. एक नवं हॉटेल उघडत होतं. आत शिरल्या शिरल्या समोरची अख्खी भिंत भरून एक फोटो लावायचा होता, डोंगर आणि तळं. मालकाची अट एवढीच, की तळं अफाट दिसलं पाहिजे. त्यासाठी कडेला एखादं माणूस उभं करा, मुंगीएवढं, म्हणजे बघणाऱ्याला अंदाज येतो. थांबराव हरखून गेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नात घाम गाळला, आता कुठे त्याचं नाव भिंतीवर लागणार होतं. राहता राहिला प्रश्न मुंगीचा. मुंगी घरातच होती. त्याचा मेहुणा.

मेहुण्याला म्हणायचे भिंगरी. तिशी ओलांडली तरी पोर एका जागी टिकायचं नाही. जेवताना गुडघा हलतोय, बोलताना हात हलतायत, झोपेत पांघरूण कुठे आणि हा कुठे. बहिणीचा भारी जीव होता त्याच्यावर. आईवडील लवकर गेले, तिनेच त्याला लहानाचा मोठा केला, स्वतःचं शिक्षण अर्धवट टाकून. ती आधी नाहीच म्हणत होती. पाणी, डोंगर, थंडी, आणि हा असा. मग थांबराव म्हणाला, अगं मी आहे ना बरोबर. तेव्हा कुठे ती तयार झाली. गाडी सुटताना खिडकीशी येऊन तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं, "जसा नेताय तसा परत आणा."

तारीख सांगतो, लक्षात ठेवा. गेल्या वर्षीची अठरा जानेवारी, शनिवार. थंडी मी म्हणत होती. चंद्र बराच उशिरा उगवणार होता. दुपारभर घाटाची वळणं चढून दोघं वर पोचले. वाटेत भिंगरीने डोकं खाल्लं. हे डोंगर कोणी मोजले, तळ्यात मासे किती, हॉटेलवाला भिंतीवर माझं नाव पण लिहील का. थांबराव म्हणाला, लिहील की, 'मुंगी' म्हणून. तेवढ्यात बहिणीचा फोन आला, तर याने तिलाही तेच सांगितलं, ताई, तुझ्या नवऱ्याने मला मुंगी केलं. आणि खूप हसला.

तळं तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं. शेंड्यांवर बर्फ, खाली काळे गोटे. झाड एक नाही, घर एक नाही. गाडी वर रस्त्यावर लावून अर्धी टेकडी उतरून यावं लागत होतं. काठ एका ठिकाणी आत वळला होता, म्हणजे मध्ये पाण्याचा एक बोळ तयार झाला होता. अलीकडे थांबरावाने कॅमेरा लावला. पलीकडे एक सपाट खडक जिभेसारखा पाण्यात शिरलेला. तिथे भिंगरी. जायचं तर काठाकाठाने वळसा घालून जायचं. पण पाण्यावरून आवाज छान पोचायचा, हळू बोललं तरी.

आता एक नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. दिवस मावळल्यावर उजेड इतका कमी असतो, की कॅमेऱ्याचं शटर चार-चार मिनिटं उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात लाटा पुसल्या जातात, पाणी सायीसारखं दिसतं. जे हललं त्याचा धूर होतो. फारच हललं तर ते उमटतच नाही. जे जागचं हललं नाही, तेवढंच स्पष्ट येतं. माणूस कितीही शहाण्यासारखा उभा राहिला तरी चार मिनिटांत थोडा धूसर होतोच. श्वास घेतो ना तो. छाती वरखाली होते, तोल या पायावरून त्या पायावर जातो. एवढ्या वेळात काचेसारखा स्वच्छ येतो तो फक्त दगड.

खूण ठरली. बॅटरी एकदा चमकली की हलायचं नाही. दोनदा चमकली की सुटलास.

पहिला फोटो घेतला तेव्हा आकाशाला अजून तांबूस कड होती. पलीकडून भिंगरीचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मध्येच बूट खडकावर घासल्याचा आवाज. मध्येच शिंक. थांबरावाने कपाळाला हात लावला. फोटो झाला, त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. डोंगर सुंदर आले होते, पाणी सुंदर आलं होतं, आणि खडकावर मेहुण्याच्या जागी पायात बूट घातलेला धुराचा लोट. त्याला हसूही आलं आणि रागही आला.

मग त्याला दुसरं काहीतरी दिसलं. खडकापासून बरंच मागे, पाणी संपतं तिथे, एक काळी उभी रेघ. त्याने ती मोठी करून बघितली.

रेघेला खांदे होते.

कोणीतरी माणूस होता, भिंगरीकडे तोंड करून उभा. असेल कोणी मासे धरणारा. थांबरावाने मान वर करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं, तर तिकडे फक्त अंधार. ती वेळच तशी, कॅमेऱ्याला दिसतं ते डोळ्याला दिसत नाही. पण गंमत बघा. घाबरायचं सोडून त्याला त्या माणसाचं कौतुक वाटलं. चार मिनिटं. कुठे धूसर म्हणून नाही. लग्नात असा एक जरी पाहुणा मिळाला असता, तर त्याचा जन्म सार्थकी लागला असता.

त्याने ओरडून सांगितलं, "त्या माणसाकडून शिक जरा, कसं उभं राहतात ते."

"कोणत्या माणसाकडून?" भिंगरी म्हणाला.

थांबराव चिडला. वेळ जात होती. त्याने दटावलं, की आता गुणगुणणं बंद, पाय बंद, श्वाससुद्धा हळू घ्यायचा. आणि बॅटरी एकदा चमकवली.

दुसरा फोटो. या वेळी गुणगुणणं आलं नाही. बूट दोनदा घासला, मग तोही थांबला. वारा पडला होता. गोट्यांवर पाण्याची चुळबुळ चालली होती, तीही बारीक झाली. शटर मिटलं. त्याने पडदा बघितला.

तो माणूस आता खडकावर होता.

भिंगरीच्या शेजारी, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. परत तसाच स्पष्ट. आता विचार करा, तो तिथवर आला कसा? एवढे सुटे गोटे, पाऊल पडलं की खडखडाट. आणि आला तर धूर तरी दिसायला हवा होता ना चालल्याचा? काही नाही. पहिल्या फोटोत तिथे उभा, दुसऱ्यात इथे उभा. आणि भिंगरी... भिंगरी गुडघ्यांपर्यंत स्पष्ट आला होता. वर धूर.

त्याने विचारलं, "तुझ्या शेजारी कोण उभं आहे रे?"

पाण्यावरून आवाज आला.

"कोणी नाही, दाजी."

आणि थोड्या वेळाने, "डाव्या अंगाला फार गार लागतंय. झालं का?"

फोटोत तो माणूस भिंगरीच्या डाव्या हातालाच होता.

इथे त्याने बॅटरी दोनदा चमकवायला हवी होती. मला सांगताना तो स्वतःच म्हणाला. बोट बटणावर होतं. पण समोर आकाशाची शेवटची कड उरली होती, पाण्यात तिची एकच रेघ पडली होती, आणि असा उजेड परत मिळत नाही. हॉटेलची ती भिंत त्याच्या डोळ्यांपुढे आली. दुसरी आकृती म्हणजे काचेवरचा डाग असेल, दवाचा थेंब असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. काच पुसली. आणि म्हणाला, "अजून एकच."

त्याने बॅटरी पलीकडे रोखली.

बॅटरी एकदा चमकली. तिसरा फोटो सुरू झाला.

पहिलं मिनिट गेलं. आवाज नाही. त्याला वाटलं, शाबास, शिकला पोरगा.

दुसरं गेलं. पाणी गप्प. गोट्यांवरची चुळबुळसुद्धा गप्प.

मग त्याला वाटलं... भिंगरी? इतका वेळ?

शिंक नाही. बूट नाही. काही नाही. त्याने कान दिले. स्वतःच्या छातीचे ठोके तेवढे ऐकू येत होते. शटर मध्येच बंद करता येतं, एक बटण दाबलं की झालं. त्याने दाबलं नाही. वाट बघितली...

शटर मिटलं.

पडद्यावर खडक होता. खडकावर दोन माणसं. दोघांच्या अंगात तेच जाकीट. दोघांच्या डोक्यावर तीच लोकरीची टोपी. बहिणीने विणलेली.

एक भिंगरी स्पष्ट होता. जाकिटाच्या चेनचा दात न् दात दिसत होता. बुटाची नाडी दिसत होती. डोळे कॅमेऱ्यात रोखलेले.

दुसरा धूर होता. नुसता धूर. हात चहूकडे फाकलेले, पुसटलेले. आणि त्या धुराला तोंड होतं. तोंड उघडं होतं.

थांबरावाने बॅटरी दोनदा चमकवली. परत दोनदा. परत. हाक मारली. "झालं! ये इकडे!" खडकावरून काही नाही.

तो धावला. काठाकाठाने, गोट्यांवरून, पडत, उठत. गुडघा फुटला ते त्याला घरी गेल्यावर कळलं. डोक्यात बायको होती. खिडकीशी उभी राहिलेली.

खडकावर पोचला. बॅटरी मारली.

एकच माणूस.

भिंगरी. ताठ. हात बाजूला. थांबरावाने चेहऱ्यावर उजेड टाकला. पापणी लवली नाही. हात धरला तर गार... तळ्यातून काढल्यासारखा. ओढलं, हलेना. गालावर चापट मारली. काही नाही. थांबराव रडकुंडीला आला. मग त्याला सुचलं, की याला आपणच उभं केलंय. आपणच सोडायला हवं.

"झालं रे," तो म्हणाला. "सुटलास."

पापणी लवली. एकदाच. सावकाश.

थांबरावाने सुटकेचा श्वास टाकला. आणि तेवढ्यात...

"झालं का, दाजी?"

आवाज मागून आला. पाण्याच्या पलीकडून. कॅमेऱ्याजवळून. भिंगरीचा आवाज.

थांबराव वळला. तिकडे अंधार. कॅमेऱ्याचा तो बारीक लाल दिवा तेवढा दिसत होता. तो दिसायचा, विझायचा, दिसायचा, विझायचा. दिव्यासमोरून कोणीतरी येरझाऱ्या घालत होतं. गोट्यांवर बूट घासत होते.

"दाजी? मी इकडे आहे. तिकडे कोणापाशी उभे आहात?"

थांबरावाने हातातल्या माणसाकडे बघितलं. चेहरा तोच. हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण तोच. जाकीट तेच. बॅटरीच्या उजेडात रेघ न् रेघ स्वच्छ. आणि पलीकडे काय होतं? अंधारात हलणारं काहीतरी. तिसऱ्या फोटोतला तो धूर त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. आयुष्यभर त्याने एकच केलं होतं. स्पष्ट ते ठेवायचं, हललेलं ते टाकायचं. विचार करायला वेळच कुठे होता?

त्याने हाताशी होता त्याचा दंड घट्ट धरला आणि सरळ टेकडी धरली. कॅमेरा, स्टँड, पिशवी, सगळं तिथेच. हातातला माणूस आता चालत होता. जड पावलांनी, पण चालत होता. बोलत नव्हता.

मागून हाक आली.

"दाजी, मला सोडून कुठे चाललात?"

थांबरावाने मागे बघितलं नाही.

"दाजी!"

गोट्यांवर धावल्याचा आवाज. काठाकाठाने. धडपडल्याचा. मग पाण्यात काहीतरी जोरात पडलं. परत आवाज आला, आता लांबून, रडवेला.

"दाजी... ताईला काय सांगाल?"

त्या एका वाक्याला त्याचा पाय अडला. मला सांगताना तिथे त्याने गार चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, मला वाटलं, या असल्या गोष्टींना सगळं ठाऊक असतं. माणसाचं वर्म कुठे आहे ते नेमकं कळतं. म्हणून मी कान झाकले. वर आलो, याला गाडीत बसवलं, दार लावलं, आणि निघालो.

रात्रभर गाडी चालली. गाडीचा हीटर केव्हाच बिघडलेला, बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून काचा घट्ट वर. पुढची काच सारखी धुरकट होत होती. थांबराव एका हाताने चाक धरायचा, दुसऱ्या हाताने खिशात राहिलेल्या कॅमेऱ्याच्या फडक्याने समोरचं तेवढं पुसायचा. शेजारी भिंगरी खिडकीच्या काचेला तोंड टेकून बसला होता. झोपला असावा. घाट उतरल्यावर एकदाच बोलला, "घरी चला." आवाज बसलेला होता. सर्दी झाली असणार. थांबरावाला तेवढ्याने हुंदका आला. बोलला ना. आपलं माणूस आहे, बोललं.

उजाडता उजाडता घर आलं. बायको फाटकातच उभी. रात्रभर फोन लागला नाही म्हणून डोळे सुजलेले. भिंगरीच्या बाजूचं दार उघडून तिने त्याला बाहेर घेतलं, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "किती गार पडलाय हा." नवऱ्याकडे एकदा बघितलं. मग भावाला कुशीत घेतल्यासारखं धरून ती आत घेऊन गेली.

थांबराव गाडीतच बसून राहिला. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो मनसोक्त रडला, अगदी लहान मुलासारखा. जसा नेला तसा आणला. देवाची कृपा. जसा नेला तसा आणला.

मग डोळे पुसून त्याने मान वर केली. बाहेर आता चांगलं उजाडलं होतं. पुढची काच पांढरी झाली होती, पुसलेल्या जागीसुद्धा परत वाफ धरली होती. मागची काच पांढरी. त्याच्या स्वतःच्या बाजूची काच तर इतकी ओली, की थेंब ओघळत होते. बंद गाडीत रात्रभर माणसाने श्वास घेतला, की तसं होणारच.

भिंगरीच्या बाजूची काच कोरडी होती. रात्रभर तो तिला नाकतोंड टेकून बसला होता, आणि तिच्यावर वाफेचा ठिपकासुद्धा नव्हता. तिच्यातून घराचं दार अगदी स्पष्ट दिसत होतं, आणि ते आतून बंद झालं होतं.